मोठ्या सिस्टरांचा तपास

आपण ज्या शाळेत शिकलो तिचा इतिहास आपण लिहू नये. ज्या शाळेत शिकवलं तिचा तर मुळीच लिहू नये. माझ्या बाबतीत ह्या दोन्ही शाळा एकच, त्यामुळे मला दुप्पट अक्कल असायला हवी होती. पण मुख्याध्यापिका सिस्टरांचा फोन आला तेव्हा माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती आणि जगातलं सगळंच मला लख्ख दिसत होतं.

"मॅडम, शाळेचा हीरक महोत्सव आहे," सिस्टर म्हणाल्या. "स्मरणिकेसाठी फक्त दोन पानं हवीत. शाळेचा इतिहास आणि ध्येय."

"ध्येयही मीच लिहायचं?"

"इतिहासाच्या शेवटी ते आपोआप येईलच ना!"

'आपोआप येईल' म्हणणाऱ्यांपासून मी एरवी सावध असते. आमच्या ह्यांनी एकदा न्हाणीघराचा नळ दुरुस्त करताना हेच म्हटलं होतं. पाणी आपोआप आलं, पण खालच्या मजल्यावरच्यांच्या दिवाणखान्यात. तरीही मी हो म्हणाले. सबंध नोकरीभर त्या शाळेत मी इतिहास शिकवला. जगभरातल्या राजांची भांडणं मुलींच्या गळी उतरवली, तिथे एका शाळेची दोन पानं म्हणजे काय? शिवाय माझी स्मरणशक्ती दांडगी आहे, असं सगळेच म्हणतात. सूनबाई जरा वेगळ्या सुरात म्हणते, पण म्हणते.

मी टेबल पुसलं, चष्मा पुसला आणि पहिलं वाक्य लिहिलं: 'ह्या शाळेची पहिली विद्यार्थिनी म्हणजे प्रस्तुत लेखिका.'

ह्यांनी ते वाचलं. "प्रस्तुत लेखिका कोण?"

"मी."

"मग 'मी' म्हण की."

"इतिहासात 'मी' म्हणत नाहीत."

"मग दुसऱ्या कुणाला तरी पहिली कर. म्हणजे अडचणच नको."

माणूस एवढी वर्षं एका घरात राहून इतका परका कसा राहू शकतो, ह्याचं मला नवल वाटतं. अहो, आयुष्यात मी दुसरी कशात पहिली आले? घरात भावंडांमध्ये मधली. परीक्षेत कायम तिसरी-चौथी. लग्नात सुद्धा आधी धाकट्या बहिणीचं जमलं. शाळेच्या दारातून आत जाणारी पहिली मुलगी, एवढी एकच गोष्ट माझ्या नावावर होती आणि ती मी आयुष्यभर नीट जपून ठेवली होती.

दुर्दैवाने तीच गोष्ट आणखी एका बाईने जपून ठेवली होती.

ती समोरच्या इमारतीत राहते. तिला आम्ही शाळेपासून वकीलबाई म्हणतो. कायद्याचं एक पुस्तकही तिने उघडलेलं नाही, सगळी नोकरी पोस्टात गेली, पण वाद घालण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. सूनबाईने खाली फाटकाशी भेटल्यावर तिला सहज सांगितलं, की आई शाळेचा इतिहास लिहितायत आणि पहिल्याच ओळीत त्या स्वतः आहेत. 'सहज' हा सूनबाईचा शब्द. सूनबाईची लिफ्ट वर पोचायच्या आत वकीलबाई आमच्या दारात होती.

"काय गं मास्तरणी, पहिली तू कधीपासून झालीस?"

"आधी बस तरी. चहा घेणार?"

"चहा नंतर. शाळेत पहिली मी आले. तू माझ्यामागून आलीस. वडिलांचं बोट धरून, रडत."

"मी रडत नव्हते. डोळ्यात चुना गेला होता."

"बरं, चुना. पण उंबऱ्याच्या आत आधी कोण होतं? मी."

"उंबरा होताच कुठे तेव्हा? भिंती छातीपर्यंत आल्या होत्या. तू दारातून आलीसच नाहीस. भिंतीवरून उडी मारून आत गेली होतीस, पाणी प्यायला. ते शाळेत येणं नव्हे, ते पाणी पिणं."

"आणि तू दारातून आलीस? दाराला दार नव्हतं!"

चहा झाला, बिस्किटं संपली, पण पहिली कोण ते ठरेना. जाताना ती म्हणाली, "ते वाक्य तसंच छापलंस, तर मी समारंभाला येणार नाही. आणि का आले नाही ते सगळ्यांना सांगेन."

ही धमकी साधी नव्हती. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईला सगळ्यांचे पत्ते पाठ असतात.

दोन दिवसांत दोन्ही इमारतींना शाळेच्या इतिहासात रस निर्माण झाला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर खाली येऊन म्हणाले, की भिंतीची उंची आणि मुलीची उंची कळली तर उडी शक्य होती का ते काढता येईल. त्यांनी वकीलबाईची त्या वेळची उंची विचारली. ती मला कशी ठाऊक असणार? बँकवाले म्हणाले, नाणं उडवा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या वयात रक्तदाब सांभाळा, इतिहास काय, राहील. मी मुख्याध्यापिका सिस्टरांना पहिल्या वर्षाचं हजेरीपुस्तक काढायला सांगितलं. ते वाळवीने खाल्लं होतं. शेजारचं गणिताचं पुस्तक मात्र शाबूत होतं. वाळवीलाही गणित आवडत नाही, हे आमच्या गणिताच्या बाईंना मी पूर्वीच सांगितलं असतं.

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "छापायला द्यायच्या आधी तुम्ही दोघींनी मिटवा. नाहीतर मी ते वाक्यच काढणार."

म्हणजे माझी एकुलती एक पहिली जागा जायची वेळ आली.

हा वाद मिटवू शकणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे ज्यांनी शाळा काढली त्या मोठ्या सिस्टर. पण त्या वारल्याला कितीतरी वर्षं झाली होती. आमची दहावी झाल्यावर काही काळाने त्यांची लांब कुठेतरी बदली झाली, आणि पुढे एक दिवस त्यांच्या निधनाची बातमी आली. मी तेव्हा शाळेत नवीनच शिक्षिका होते. आम्ही चॅपेलमध्ये प्रार्थना केली, रडलो आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली.

त्यातच स्मरणिका समितीची बैठक झाली. समितीचे अध्यक्ष फादर. त्यांनी विचारलं, "मुखपृष्ठावर संस्थापिकेचा फोटो पाहिजे. कुणाकडे आहे?"

कुणाकडेच नव्हता. मोठ्या सिस्टरांना फोटो काढून घ्यायला मुळीच आवडत नसे. दर वर्षी वर्गाचा फोटो निघायचा तेव्हा त्या सगळ्यात उंच मुलीच्या मागे जाऊन उभ्या राहायच्या. जुन्या फोटोंत त्या असायच्या म्हणजे कुणाच्या तरी खांद्यावर एक हात असायचा. फादरांनी एकेक फोटो भिंगातून पाहिला. शेवटी म्हणाले, "हात चांगला आहे. पण मुखपृष्ठाला पुरणार नाही."

मग मोठ्या सिस्टरांच्या संघाच्या मुख्य मठात फोन केला. तिकडच्या कार्यालयातल्या सिस्टरांना मी नाव सांगितलं, दिवंगत आहेत हे सांगितलं. त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, "दिवंगतांमध्ये ह्या नावाच्या आमच्या एकच सिस्टर आहेत. पण त्या स्वयंपाकघर सांभाळायच्या. शाळेत त्या कधीच नव्हत्या."

"अहो, आमच्या सिस्टरांनी शाळा काढली!"

"मग त्या आमच्या दिवंगतांत नाहीत."

फोन ठेवून मी समितीला हे सांगितलं. फादर समजुतीने म्हणाले, "जाऊ दे. कार्यालयांचा कारभार असाच असतो." त्यांना अनुभव होता. ते स्वतः एका कार्यालयाचे प्रमुख होते.

आता चित्रच काढून घ्यायचं ठरलं. आधी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. वर्णन आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि वकीलबाईने, सांगायचं. आमचं इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. पेंटरने आठवड्याने चित्र आणलं. पांढरा झगा, डोक्यावर पांढरं वस्त्र, गळ्यात क्रूस, सगळं ठीक होतं. पण सिस्टर हसत होत्या, आणि त्यांच्या तोंडात बत्तीस दात असे काही चमकत होते, की खाली दंतमंजनाचं नाव लिहायचं राहिलंय असंच वाटावं.

"त्या एवढ्या हसत नसत," मी म्हणाले.

"बाई, मी एवढी वर्षं दातांच्या दवाखान्यांचे बोर्ड रंगवतोय," पेंटर म्हणाला. "तोंड मिटलेलं मला जमत नाही."

त्याच्यानंतर माझी एक जुनी विद्यार्थिनी मदतीला आली. ती आता पोलीस निरीक्षक आहे. शाळेत असताना तिला सनावळ्या कधी पाठ झाल्या नाहीत, त्यावरून मी तिला बाकावर उभी करायची. आता सगळं पोलीस ठाणं तिला पाहून उभं राहतं. ती घरी येऊन म्हणाली, "बाई, एवढं काय त्यात? आमच्या खात्यात चित्रकार आहे. ज्याला कुणी एकदाच, तेही पळताना, पाहिलंय त्याचा सुद्धा हुबेहूब चेहरा काढतो तो. तुम्ही तर सिस्टरांना वर्षानुवर्षं पाहिलंय. या ठाण्यावर."

गेलो. पहिल्या वर्गातल्या जेवढ्या हाताशी होत्या तेवढ्या पाचजणी आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर ओळीने बसलो. ओळखीची माणसं खिडकीतून बघत होती. आमच्या दूधवाल्याने तर सायकल थांबवून विचारलं, "काकू, सोडतील ना?"

चित्रकार सभ्य होता, पण त्याला सवय गुन्हेगारांची. कागद पुढे ओढून त्याने सुरुवात केली.

"अंदाजे वय?"

"तेव्हा का आता?"

"घटनेच्या वेळी."

"घटना कसली? शाळा काढली त्यांनी!"

"तेच. शाळा काढली त्या वेळी."

"असेल तिशीच्या आतलं."

"हातात काही हत्यार?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. "फूटपट्टी," वकीलबाई म्हणाली.

"वापरली?"

"हवेत. टेबलावर. अंगावर कधी नाही."

"विशेष खूण?"

ह्यावर मात्र पाचहीजणी एकदम बोलल्या. मोठ्या सिस्टर कुणाशी बोलायला लागल्या, की आधी त्याच्या कपड्याचं उघडं राहिलेलं बटण लावायच्या. लावल्याशिवाय पुढे बोलायच्याच नाहीत. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबाच्या कोटाची बटणं त्यांनी सगळ्यांसमोर खालपासून वरपर्यंत लावली होती, आणि त्या दिवशी साहेब एकही दोष न काढता निघून गेला होता. चित्रकाराने मान हलवली आणि लिहून घेतलं: 'समोरच्याचं उघडं बटण लावते.'

मग नाक. मी म्हणाले, सरळ, टोकाला किंचित वाकलेलं. वकीलबाई म्हणाली, हनुवटी चौकोनी, पक्की. बाकीच्यांनी कपाळ, गाल, भुवया वाटून घेतल्या. चित्र पुरं झालं तेव्हा आम्हाला सगळ्यांना ते फार ओळखीचं वाटलं. "ह्याच त्या!" आम्ही म्हणालो. दारात उभा असलेला हवालदार मात्र एकदा चित्राकडे, एकदा आमच्याकडे बघत होता. तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ कळला नाही.

निरीक्षक त्या दिवशी कचेरीत नव्हती. चित्रकाराने चित्र नेहमीच्या टेबलावर ठेवलं. तिथल्या कारकुनाने त्या टेबलावरच्या कागदांचं आजवर जे केलं तेच ह्या कागदाचं केलं. त्याच्या प्रती काढल्या, वर 'सदर महिला आढळल्यास त्वरित कळवावे' असं टाइप केलं, खाली विशेष खूण टाइप केली आणि जवळच्या-दूरच्या सगळ्या ठाण्यांना आणि बँकांना पाठवून दिलं. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्या टेबलावर त्याआधी कधी संत-सज्जनांचं चित्र आलेलं नव्हतं.

पहिली सापडली वकीलबाई. ती बँकेच्या दारात सापडली. रखवालदाराने तिला बाजूला बसवून ठेवलं, कारण हनुवटी जुळत होती. दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या दुकानात सापडले. मी रक्तदाबाच्या गोळ्या मागत होते. मागून एक कॉन्स्टेबल हळूच म्हणाला, "काकू, जरा ह्या बाजूला येता का?"

"का बरं?"

त्याने खिशातून घडी काढली. मी चष्मा पुसून पाहिलं, तर त्या चेहऱ्याच्या मधोमध माझं नाक होतं. नाकाच्या खाली वकीलबाईची हनुवटी होती. भुवया कुणाच्या होत्या, तेही मी सांगू शकले असते. आम्ही पाचजणींनी मोठ्या सिस्टरांना जे जे दिलं होतं, ते आपापलंच होतं.

"तुम्ही कुणाची बटणं लावता का?" कॉन्स्टेबलने विचारलं.

"मी सबंध आयुष्य मुलींना सनावळ्या पाठ करायला लावल्या. बटणं कुणाचीही लावली नाहीत!" मी म्हणाले. तो दुकानदारासमोर मला घरापर्यंत सोडायला आला. इमारतीच्या रखवालदाराने त्याला सलाम केला आणि मला केला नाही. त्या दिवसापासून मी खाली उतरले, की तो घड्याळ बघतो. इंजिनिअरसाहेब वरून येऊन म्हणाले, "वहिनी, बोलताना कमीत कमी बोला. वकिलाशिवाय तर नकोच." ह्यांना मी विचारलं, तुम्हाला काही वाटतं की नाही? ते म्हणाले, "वाटतं ना. चित्रात तू जरा तरुण दिसतेस."

निरीक्षकबाईने कारकुनाची चांगलीच कानउघाडणी केली, प्रती परत मागवल्या आणि घरी येऊन माझी माफी मागितली. ते ऐकताना मला उगीचच तिला बाकावर उभं करावंसं वाटलं. ती चहा पीत असतानाच तिचा फोन वाजला. ती ऐकत राहिली. कप तिने खाली ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "लांबच्या एका ठाण्यावरून फोन आहे. तिथे म्हाताऱ्या सिस्टरांचा एक आश्रम आहे. तिथला हवालदार काल कसल्याशा चौकशीला तिकडे गेला होता. एका सिस्टरांनी त्याच्याशी बोलता बोलता त्याच्या गणवेशाचं वरचं बटण लावलं."

"आणि चेहरा?"

"चेहरा अजिबात जुळत नाही म्हणतोय."

मी खुर्चीवर बसले. बसलेलीच होते, पण पुन्हा बसल्यासारखं झालं.

नंतर सगळा उलगडा झाला. वारल्या त्या त्याच नावाच्या स्वयंपाकघरातल्या सिस्टर. आमच्या मोठ्या सिस्टर जिवंत होत्या. मुख्य मठाच्या कार्यालयाने आम्हाला अगदी खरी माहिती दिली होती. पण जिवंत सिस्टरांची चौकशी दुसऱ्या टेबलावर होते, आणि त्या टेबलाकडे आम्ही गेलोच नव्हतो.

निरीक्षकबाईने पोलिसांची व्हॅन दिली. मुख्याध्यापिका सिस्टर पुढे बसल्या, मी आणि वकीलबाई मागे. फादरांना बिशपसाहेबांकडे काम होतं. वाटभर आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही. मी मनात माझी बाजू मांडत होते. ती बहुधा तिची मांडत होती. आज निकाल लागणार होता, आणि न्यायाधीश असा, की त्यावर अपील नाही. मला नुसतं जिंकायचं नव्हतं. 'हो, पहिली तूच आलीस' एवढं मोठ्या सिस्टरांनी एकदा म्हणावं, मग ते छापलं नाही तरी चालेल, असंही मला मधेच वाटून गेलं. मग वाटलं, छापलेलं बरं.

आश्रमाच्या व्हरांड्यात मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. लहान झाल्या होत्या. पण मान तशीच ताठ. मी पुढे होऊन वाकले, तर बोलायच्या आधी त्यांचे हात माझ्या स्वेटरकडे आले आणि मधलं सुटलेलं बटण लागलं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं. शस्त्रक्रिया करून सुद्धा.

"तू खिडकीबाहेर बघणारी," त्या मला म्हणाल्या. वकीलबाईकडे वळल्या. "आणि तू बोलणारी. अजून बोलतेस?"

"हो, सिस्टर," वकीलबाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने दोन शब्दांत उत्तर दिलं.

त्या वारल्याची बातमी आली होती, हे मुख्याध्यापिका सिस्टरांनी जरा चाचरतच सांगितलं.

"सुट्टी दिलीत?"

"अर्धा दिवस."

"बरं केलंत. ती आता परत मागू नका." मग त्यांनी आम्ही नेलेलं पोलिसांचं चित्र हातात घेतलं. "हे नाक कुणाचं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. "आणि ही हनुवटी?" सगळे वकीलबाईकडे बघायला लागले. "मुखपृष्ठावर हे घालणार? नको. छपराचा फोटो घाला. ते मला चांगलं जमलं होतं."

"सिस्टर," मुख्याध्यापिका सिस्टरांनी वही उघडली, "शाळा काढताना तुमचं ध्येय काय होतं?"

"छप्परच. दुसरं काही सुचायला वेळ होता कुठे?"

वही तशीच उघडी राहिली. मला आता थांबवेना. "सिस्टर, एक विचारायचं होतं. शाळेत सगळ्यात पहिली मुलगी कोण आली? ही का मी?"

"दारातून की भिंतीवरून, ते सोडा," वकीलबाई घाईने म्हणाली. "पहिली कोण, एवढंच."

मोठ्या सिस्टरांनी आधी माझ्याकडे, मग वकीलबाईकडे पाहिलं.

"तुम्ही दोघीही नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी खुर्ची आमच्याकडे ओढली.

"भिंती बांधत होते तेव्हाची गोष्ट. गवंड्याच्या हाताखाली एक बाई विटा वाहायची. तिची मुलगी विटांच्या ढिगावर बसून असायची. एक दिवस फळा आला. तो कसा चालतो बघायला मी त्यावर एक अक्षर काढलं. त्या मुलीने विटेच्या तुकड्याने ते खाली जमिनीवर काढलं. मी दुसरं काढलं. तिने दुसरं काढलं. मी त्या दिवशी घरी पत्र पाठवलं, की शाळा सुरू झाली. मग तुम्ही आलात. आईवडिलांना घेऊन, नवे बूट घालून. तुम्ही दोघी एकाच जागेवरून भांडत होतात. ती जागा तिची होती. ती उठली आणि भिंतीशी उभी राहिली."

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? भिंती झाल्या. ती माणसं दुसऱ्या कामावर गेली. मी छपराच्या मागे होते. ती दिसेनाशी झाल्यावर बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं. कुठे गेली ते विचारलं नव्हतं. नावसुद्धा विचारलं नव्हतं. मी तिला 'ए, इकडे ये' म्हणायची." त्यांनी झग्यावरची एक सुरकुती सारखी केली. "म्हणून नंतर मी शाळा सुटताना फाटकाशी उभी राहायला लागले. जाईल त्या मुलीला विचारायचं, कुठे जातेस? तुम्ही हसायचात मला."

हसायचोच. रोज त्या विचारायच्या आणि आम्ही रोज एका सुरात 'घरी, सिस्टर' म्हणायचो, आणि वळल्यावर त्यांची नक्कल करायचो. घरी नाही तर दुसरीकडे कुठे जाणार, असं आम्हाला वाटायचं. एकदा एक मुलगी 'मामाकडे, कायमची' म्हणाली, तर सिस्टर तिचा हात धरून तिच्या घरी गेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी परत वर्गात होती. ही गोष्ट मला चांगली आठवते. तिचा ह्या गोष्टीशी काही संबंध असेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

मुख्याध्यापिका सिस्टरांनी वहीत 'कुठे जातेस?' एवढंच लिहिलं आणि वही मिटली. "ध्येय मिळालं," त्या हळू म्हणाल्या.

निघताना मोठ्या सिस्टर आमच्या मागे व्हरांड्याच्या टोकापर्यंत आल्या. "कुठे जाताय?"

"घरी, सिस्टर," आम्ही दोघी म्हणालो.

परतीच्या वाटेला व्हॅनने आश्रमाचं वळण घेतलं. मग वकीलबाई म्हणाली, "तुला आठवते का गं ती?"

मी आठवून पाहिलं. भिंती आठवल्या, चुना आठवला, वडिलांच्या बोटातली अंगठी आठवली, वकीलबाईच्या परकराचा रंग आठवला. भिंतीशी उभं असलेलं कुणी आठवलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "तुला?"

"नाही." मग ती म्हणाली, "तुझं ते वाक्य काढ. नवीन मी सांगते, तू लिही."

पर्समध्ये किराण्याचा कागद होता, त्याच्या पाठीवर मी लिहिलं. तिने सांगितलं तेच आज स्मरणिकेत पहिलं आहे, मी एक शब्दही बदललेला नाही: 'शाळेची पहिली विद्यार्थिनी गवंडीकामावरच्या एका बाईची मुलगी होती. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. ती कुठे आहे हे कुणाला माहीत असल्यास शाळेला कळवावं.'

आमची गल्ली आली. दोन्ही इमारती समोरासमोर, मध्ये रस्ता, आणि व्हॅन एका वेळी एकाच फाटकाशी लागणार. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "काकू, आधी कुणाला सोडू?"

"आधी हिला," मी म्हणाले.

"मला नको, आधी हिला," वकीलबाई म्हणाली.

"मी म्हटलं ना, तिला सोडा!"

"अगं, तुझे गुडघे दुखतात, तू उतर आधी!"

"माझे गुडघे काढू नकोस मध्ये!"

ड्रायव्हर बिचारा सरकारी माणूस, त्याला हुकूम पाहिजे. तो मिळेना, म्हणून त्याने गल्लीला एक वळसा घातला, मग दुसरा घातला. इंजिनिअरसाहेब गॅलरीत येऊन मोठ्याने म्हणाले, "वहिनी, काय झालं? अजून सोडलं नाही का?"